विंचू नियम का मोडतो? शब्दांच्या मुळांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात शब्दांच्या कुळांविषयीचे प्रश्न बरेच आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना उत्तरापेक्षा खेळच हवा होता, त्यांच्यासाठी पत्त्यांचा एक डावही दिला आहे.

प्रश्न : हिंदीत ‘छुरी’, आपल्याकडे ‘सुरी’. त्यांचा ‘कछुआ’, आपलं ‘कासव’. घरी मुलांबरोबर अशा जोड्या शोधायचा नाद लागला आहे. पण ‘बिच्छू’चा ‘विंचू’ होतो, ‘विसू’ होत नाही. नियम चुकीचा आहे की आम्ही?

नियम बरोबर आहे आणि तुम्हीही. विंचवाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येऊच.

आधी तुमची यादी वाढवू. छह–सहा, छाल–साल, छोड़ना–सोडणे, छाँव–सावली, मछली–मासोळी, बछड़ा–वासरू. ‘पूछना’ची जोडी पटकन सापडत नाही, कारण ‘पुसणे’ हे क्रियापद ‘विचारणे’ या अर्थानं आता बोलण्यात फारसं येत नाही. पण ‘विचारपूस’ या शब्दात ते ठणठणीत आहे. या साऱ्या शब्दांच्या प्राकृत रूपात छ किंवा च्छ होता : मत्स्यचा मच्छ, वत्सचा वच्छ, पृच्छतिचा पुच्छइ. हिंदीनं तो छ सांभाळला, मराठीनं त्याचा स केला. एखाद-दुसऱ्या शब्दात असं दिसलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. आठ-दहा शब्दांत, तेही सहा, साल, सावली अशा रोजच्या शब्दांत दिसतं, म्हणून त्याला नियम म्हणायचं.

यातलाच एक पोटनियम मुलांना आवडेल. पुढे इ किंवा ए आला की मराठीला स सोसत नाही, तिथे श होतो. म्हणून कुशीची ‘कूस’ आणि गोड ‘ऊस’, पण ‘माशी’ आणि ‘शेत’. हिंदीत सीना, मराठीत शिवणे. हिंदीत सेज, मराठीत शेज. ‘सेवा’, ‘सीमा’ हे शब्द मात्र संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत. ते या गिरणीतून दळून निघालेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचा स शाबूत आहे.

शेत आणि माशी वर आले म्हणून क्षबद्दलही सांगायला हवं. क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि या शब्दांतल्या क्षला प्राकृतात दोन वाटा फुटल्या, एक ख्खची आणि दुसरी च्छची. हिंदीनं बऱ्याचदा पहिली धरली : खेत, मक्खी, ईख, कोख. मराठीनं इथे दुसरी धरली, आणि च्छ हातात आल्यावर वरच्या नियमानं त्याचा स किंवा श केला. मात्र मराठी सगळीकडे इतकी शिस्तीत वागलेली नाही. लक्षचं ‘लाख’, परीक्षेची ‘पारख’, भिक्षेची ‘भीक’ या शब्दांत तिनं ख्खचीच वाट घेतली आहे. तेव्हा क्षचा शब्द दिसला की दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात.

आता विंचू. संस्कृत वृश्चिक या शब्दाची प्राकृतात एकाहून अधिक रूपं होती, काहींत छ तर काहींत अनुस्वार आणि च. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘विंचुअ’ हे रूप नोंदलेलं आहे. मराठीनं ते घेतलं. म्हणजे मराठीच्या हाती छ आलाच नाही, मग त्याचा स कशाचा करणार? नियम मोडल्यासारखं दिसलं की पहिली शंका नियमावर घ्यायची नाही. आपण सुरुवात कुठल्या रूपापासून केली, ते आधी तपासायचं.

दुसऱ्या प्रकारचे अपवादही तुम्हाला भेटतील : छावणी, छापा, छत्री. यांतला छ मराठीत तसाच आहे. छचा स होण्याची लाट ओसरल्यावर हे शब्द हिंदीतून किंवा थेट संस्कृतातून आले, असा त्याचा अर्थ. छमछमसारखे नादशब्द कुठलाच नियम पाळत नाहीत, त्यांना यादीत घेऊच नका.

प्रश्न : ‘न्यूज’ हा इंग्रजी शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून झाला, असा संदेश दर महिन्याला फिरतो. असले दावे घरबसल्या कसे तपासावेत?

हा दावा खोटा आहे. ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचं अनेकवचनी रूप ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नव्या’ या अर्थाचाच शब्द आहे.

आद्याक्षरांची गोष्ट सांगणाऱ्या व्युत्पत्तीवर डोळे झाकून संशय घ्यावा. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची पद्धत विसाव्या शतकात फोफावली. रडार, लेझर हे तसे खरे शब्द आहेत. त्याआधीच्या जुन्या, रोजच्या शब्दाला कुणी आद्याक्षरांचं मूळ चिकटवलं असेल, तर ते बहुतेक वेळा मागाहून रचलेलं निघतं.

बाकीच्या दाव्यांना वय विचारायचं आणि वाट विचारायची. बटाटा घ्या. ही वनस्पती अमेरिकेची, आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे आली. त्यामुळे ‘बटाटा’ अमुक संस्कृत धातूपासून आला असं कुणी सांगितलं, तर पुढे वाचायची गरज नाही. वस्तूच नव्हती, नाव कुठलं असणार? वाटेचा प्रश्न असा, की शब्द घेऊन येणारी माणसं होती का, आणि कुठे होती? पोर्तुगीज १४९८ साली हिंदुस्थानात पोचले, वसई त्यांच्याकडे १७३९ पर्यंत होती आणि गोवा १९६१ पर्यंत. इतका शेजार असल्यावर पगार, चावी, बादली, पाव, काजू, अननस, नाताळ हे शब्द पोर्तुगीज आहेत असं म्हटलं, तर वाट दाखवता येते. एखादा मराठी शब्द कुणी हंगेरियनमधून आणू लागला, तर वाट दाखवायची जबाबदारी त्याची.

नुसता आवाज आणि अर्थ जुळणं हा सर्वांत कच्चा पुरावा. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट (आपला बदनाम, बदसूर), इंग्रजीतही ‘बॅड’ म्हणजे वाईट. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रश्न : माझ्या पाच व्युत्पत्ती तपासून गुण द्या. (१) घाम गाळून उचलायचं ते घमेलं. (२) माणसं जिथे माजतात ते माजघर. (३) मायेचं घर ते माहेर. (४) लीला दाखवून विकायचं तो लिलाव. (५) जो सुर नाही तो असुर.

घमेल्याला कल्पनेचे पूर्ण गुण, व्युत्पत्तीला शून्य. पोर्तुगीजमध्ये ‘गामेला’ म्हणजे कोरून केलेलं लाकडी पसरट भांडं. लिलावही पोर्तुगीजच, ‘लेइलांव’. अनोळखी शब्द कानावर पडला की माणूस त्यात आपला ओळखीचा शब्द शोधतो आणि बरेचदा उच्चारही तिकडे वळवतो. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तुमचं घमेलं तिचा छान नमुना आहे.

माजघरात माजाचा काही दोष नाही. मध्यचं प्राकृतात मज्झ झालं, मराठीत माज. घराच्या मधला भाग ते माजघर. हाच माज जुन्या मराठीत कंबरेलाही म्हणत, कारण कंबर म्हणजे शरीराचा मध्य. ध्यचा झ किंवा ज होण्याची ही खोड संध्या–सांज, वंध्या–वांझ इथेही दिसेल.

माहेराला दहापैकी नऊ. घर बरोबर, पण ‘माया’ नव्हे, ‘माय’. मातृगृहातला त आणि ग दोन्ही झिजले, माइहर झालं, त्याचं माहेर. शेजारी सासर ठेवून पाहा : श्वशुरगृह. एक कापलेला गुण काना जास्त दिल्याचा समजा.

असुराला गुण द्यावेत की नाहीत, यावर खल करावा लागला. तुमची चूक तुमची नाही, ती दोन-अडीच हजार वर्षं जुनी आहे. ऋग्वेदात असुर हे विशेषण वरुणासारख्या देवांनाही लावलेलं आहे, आणि इराणी शाखेत तोच शब्द ‘अहुर’ म्हणून परमेश्वराच्या नावात आहे. म्हणजे मुळात शब्द अखंड होता, आरंभीचा अ नकाराचा नव्हता. पुढे अर्थ बिघडला, दैत्य असा झाला, आणि लोकांनी त्याची फोड केली अ + सुर. अ काढला तर उरतो तो ‘सुर’, म्हणजे देव! चुकीच्या फोडीतून नवा शब्द जन्मला आणि रुळलाही.

असंच ‘विधवा’ या शब्दाचं झालं. लॅटिनमधला ‘विदुआ’ आणि इंग्रजीतला ‘विडो’ हे त्याचे चुलत भाऊ, म्हणजे हाही शब्द मुळात अखंड. त्याची फोड वि + धवा अशी केली गेली, आणि ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द हाती लागला. मग ‘सधवा’ही तयार झाली. ‘असित’ म्हणजे काळा, त्यातून ‘सित’ म्हणजे पांढरा, हीही त्याच कारखान्यातली निर्मिती. अशी चुकीची फोड आजही होते. हॅम्बर्गर हा हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलेला शब्द, पण ऐकणाऱ्यांनी तो हॅम + बर्गर असा तोडला. मग चीझबर्गर, व्हेजबर्गर यांना वाट मोकळी झाली.

प्रश्न : शाळेतल्या मुलांसाठी व्युत्पत्तीचा एखादा पत्त्यांचा खेळ सुचवाल का?

साधन म्हणून जाड कागदाचे सारख्या मापाचे ३६ पत्ते कापा. त्यावर १२ त्रिकुटं लिहायची (संस्कृत – प्राकृत – मराठी), एका पत्त्यावर एकच शब्द :

हस्त – हत्थ – हात
कर्ण – कण्ण – कान
सप्त – सत्त – सात
दुग्ध – दुद्ध – दूध
कर्म – कम्म – काम
पर्ण – पण्ण – पान
अग्नि – अग्गि – आग
सर्प – सप्प – साप
रात्रि – रत्ति – रात
चक्र – चक्क – चाक
सूत्र – सुत्त – सूत
भक्त – भत्त – भात

पत्त्यावर भाषेचं नाव किंवा रंगाची खूण करू नका. दुहेरी व्यंजन दिसलं की मधला पत्ता, हे मुलांनी आपण ओळखायचं. चौघं असतील तर प्रत्येकी ६ पत्ते वाटा, तिघं असतील तर ७. उरलेले पालथे ठेवा. आपल्या पाळीला एक उचलायचा, एक उघडा टाकायचा. त्रिकूट जमलं की खाली मांडायचं आणि काय बदललं ते तोंडी सांगायचं : ‘स्तचा त्थ झाला, मग एक त गळला आणि आधीचा स्वर लांबला.’ सांगता आलं नाही तर त्रिकूट हातात परत. पालथे पत्ते संपले की मोजणी : त्रिकुटाला ३ गुण, हातात राहिलेल्या जोडीला १.

या बाराही शब्दांत एकच युक्ती आहे. जोडाक्षरातली दोन वेगळी व्यंजनं प्राकृतात एकसारखी होतात. मराठीत त्यातलं एक जातं आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ होतो. तिसऱ्या डावापर्यंत मुलांना हे न सांगता उमगतं. मग त्यांना विचारा, ‘विज्जु’ हा मधला पत्ता असेल तर दोन्ही टोकं कोणती? विद्युत् आणि वीज.

खेळ फसतो तो पत्ते वाढवताना. उत्साहात कुणी ‘पुष्प – पुप्फ – फूल’ लिहितं. अर्थ जुळतो, वंश जुळत नाही. फूल हे ‘फुल्ल’चं अपत्य, पुष्पाचं नव्हे. नेत्र–डोळा, जल–पाणी हेही तसेच (पाणी आलं ते ‘पानीय’पासून). समानार्थी शब्द आणि पूर्वज शब्द यांत मुलंच काय, मोठेही घोटाळा करतात. नवा पत्ता लिहिण्याआधी तो कोशात पाहा. दुसरा धोका ‘पाठ’सारख्या शब्दांचा. अंगाची पाठ पृष्ठपासून आली, शाळेतला पाठ संस्कृतातून तसाच उचललेला. अशा शब्दाचा अर्थ पत्त्याच्या कोपऱ्यात लिहा.

मुलं सरावली की अवघड गड्डी करा : तृष्णा – तण्हा – तहान, स्नुषा – सुण्हा – सून, उष्ण – उण्ह – ऊन, देवकुल – देउल – देऊळ, राजकुल – राउल – राऊळ, सूचि – सूइ – सुई. इथे दोन स्वरांमधलं एकटं क, ग, च, ज, त, द गळून जातं, आणि ष्ण किंवा स्न आला की ण्ह होतो. उन्हाळ्यातला ह कुठून आला, हे कोडंही सोबत सुटतं : उष्णकाल.

प्रश्न : व्युत्पत्तीसाठी कोणता कोश उघडावा? मोल्सवर्थच्या कोशात कितीतरी साधे शब्द सापडतच नाहीत.

सापडत नाहीत कारण तुम्ही आजच्या लेखनानं शोधता आहात. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात ‘नाव’ नाही, ‘नांव’ आहे. ‘गाव’ नाही, ‘गांव’ आहे. उच्चारात न उरलेले असे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकले. शब्द मिळाला नाही की पहिल्या दीर्घ स्वरावर टिंब देऊन पुन्हा शोधा. अर्ध्याहून अधिक अडचण तिथेच मिटते.

ते टिंब शोभेचंही नव्हतं. नाम, ग्राम, आमलक, श्यामल यांतल्या मचा मराठीत व झाला : नांव, गांव, आंवळा, सांवळा. म हे ओठ मिटून नाकातून काढायचं व्यंजन. ओठ मिटायचं थांबलं तेव्हा व उरला, आणि नाकातला आवाज मागच्या स्वरावर जाऊन बसला. तो अनुस्वार म्हणजे गेलेल्या मची सावली. नियम सोपे झाले हे चांगलंच, पण शब्दांचा माग काढणाऱ्यानं जुनं लेखन वाचायला शिकावं. कोमल–कोवळा, गोस्वामी–गोसावी, हिमकाल–हिवाळा ही सगळी मंडळी त्याच घराण्यातली.

कोश उघडण्याचा क्रम असा ठेवा. आधी मोल्सवर्थ. शब्दाशेजारी कंसातलं अक्षर तो संस्कृत आहे, फारसी की अरबी, याचा पहिला इशारा देतं. मग कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६). त्यात ‘किंवा’ घालून दोन-तीन मुळं दिलेली दिसली, तर त्यातलं आवडलेलं एक उचलू नका. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६२–६६) जा. तिथे एका संस्कृत शब्दाखाली हिंदी, गुजराती, बंगाली, सिंधी अशी सगळी भावंडं रांगेत मिळतात, आणि मराठी शब्द त्या रांगेत शोभतो का ते दिसतं. मूळ शब्दाआधी तारा छापलेला असेल तर ते रूप कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही, भावंडांवरून अनुमानानं उभं केलेलं आहे. नवखे लोक हा तारा विसरून ‘संस्कृतात असा शब्द आहे’ म्हणून मोकळे होतात. संतसाहित्यातला किंवा शिलालेखातला शब्द असेल, तर शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) पाहा. कुलकर्णींचा सोडून बाकीचे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

प्रश्न : ‘तूप’ या शब्दाचं संस्कृत मूळ काही केल्या सापडत नाही.

कारण ते दक्षिणेत आहे. कन्नडमध्ये तुपाला ‘तुप्प’ म्हणतात. घृतपासून हिंदीत ‘घी’ आलं, मराठीनं शेजाऱ्याचा शब्द घेतला.

दोन भाषांत एकच शब्द असला की कुणी कुणाकडून घेतला हा वाद उपटतो. एक साधी कसोटी वापरा : शब्द कुठल्या भाषेत उलगडतो? ‘अडकित्ता’ मराठीत उलगडत नाही. सुपारी त्यात अडकते म्हणून अडकित्ता, असं म्हणायचा मोह होतो, पण मग ‘इत्ता’चं काय करायचं? कन्नडमध्ये ‘अडके’ म्हणजे सुपारी, आणि तिथल्या नावात ती सुपारी उघड दिसते. ज्या घरात शब्दाचे सांधे दिसतात, ते बहुधा त्याचं माहेर.

प्रश्न : ‘भक्त’ आणि ‘भात’ हे एकच शब्द कसे? वरच्या कुठल्याशा यादीत असं असणार, म्हणून आधीच विचारतो!

यादी तुम्हाला दिसलेली दिसते. संस्कृतात ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा देणे किंवा घेणे. त्यातून ‘भक्त’चा एक अर्थ झाला वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. दुसरा अर्थ झाला निष्ठेनं जोडलेला माणूस. पहिला अर्थ लोकांच्या तोंडी झिजत भात झाला. दुसरा पोथीतून परत आणला, तो न झिजता आला. असे जुळे शब्द शोधणं हा एकट्यानं खेळायचा उत्तम खेळ आहे. क्षेत्र आणि शेत, चक्र आणि चाक या जोड्या सोप्या. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ पाहा : शब्द एक, पण झिजलेला गुरांकडे गेला आणि न झिजलेला माणसांकडे राहिला. मराठीत अशी वाटणी पुष्कळदा दिसते, तद्भव गोठ्यात आणि तत्सम दिवाणखान्यात.

माझी आवडती जोडी ‘आलं’ आणि ‘ओलं’. हेमचंद्रानं आर्द्र या शब्दाची प्राकृत रूपं देताना ‘अल्ल’ आणि ‘ओल्ल’ दोन्ही दिली आहेत. पहिल्यापासून आलं, म्हणजे ओली मुळी. ती वाळली की सुंठ.

प्रश्न : ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच. मग ‘तो कवी डालडा विकतो’ चालेल का?

काटेकोर नियमानं नाही. उलट वाचताना ‘कवी’तल्या दीर्घ वीच्या जागी ‘विकतो’तला ऱ्हस्व वि येतो. मराठीत हा खेळ अक्षर धरून खेळतात, आणि अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर, मात्रेसकट. ‘रामाला भाला मारा’ निर्दोष आहे. घरगुती स्पर्धेत ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यायची की नाही ते आधी ठरवा, नाहीतर भांडण ठरलेलं.

प्रश्न : ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’ अशा जोडशब्दांत दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असतो. मग दोनदा का म्हणायचं? यातही काही खेळ आहे का?

आहे, आणि भरपूर. यांतला एक शब्द घरचा, दुसरा बाहेरचा. कागद फारसी, पत्र संस्कृत. धन संस्कृत, दौलत अरबी. बाजारहाट, रीतिरिवाज, बळजबरी, शेतजमीन, थट्टामस्करी हे सगळे त्याच ठशाचे. दरबारात एक शब्द आणि घरात दुसरा चालत असताना जोडीनं म्हटलं की दोघांनाही कळतं. अर्थाला जोर येतो तो वेगळाच. ‘चिटणीस’ तर एकाच शब्दात दोन्ही घरं घेऊन बसला आहे : आपली चिठ्ठी आणि फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. फडणवीस, पारसनीस, पोतनीस यांच्या शेपटाला हाच लेखनिक बसलेला आहे. ‘गैरसमज’ आणि ‘गैरसोय’ यांत अरबी डोकं आणि मराठी धड.

खेळ असा : वर्तमानपत्राचं एक पान घ्या, दहा मिनिटं लावा, असे जोडशब्द खुणावून प्रत्येक अर्ध्याचं घर लिहा. दोन्ही अर्धे वेगळ्या घरचे असतील तर २ गुण, एकाच घरचे असतील तर १. ‘सल्लामसलत’ला मात्र ३ द्या. दोन्ही शब्द अरबी तर आहेतच, शिवाय एकाच मुळाचे आहेत. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. व्यंजनं तीच ठेवून आत स्वर बदलायचे, पुढेमागे ‘म’, ‘त’ लावायचे, की नवा शब्द. स-ल-ह या सांगाड्यावर सल्ला आणि मसलत दोन्ही उभे आहेत. ह-क-मवर हुकूम, हाकिम, हकीम. ख-ल-सवर खलास आणि खुलासा. ‘हाल’ आणि ‘हवालदार’ यांचाही सांगाडा एकच, ह-व-ल. त्यातला व हालमध्ये स्वरात विरघळला आहे.

हा सांगाडे शोधण्याचा खेळ सुरू केलात तर दोन ठिकाणी पाय घसरेल. ‘मालूम’ आणि ‘तालीम’ एकाच मुळाचे आहेत, पण मराठीत ल आणि म अशी दोनच व्यंजनं हाती लागतात. पहिलं व्यंजन घशातून काढायचं अरबी ‘ऐन’, ते मराठीपर्यंत येता येता विरलं. तेव्हा दोनच व्यंजनं दिसली तर तिसरं हरवलेलं असू शकतं. दुसरी अडचण याच्या उलट. अरबीतली दोन-दोन, तीन-तीन वेगळी अक्षरं मराठीत एकाच अक्षरात कोंबली गेली आहेत, विशेषतः स, ज, त आणि ह यांत. म्हणून ‘नजर’ आणि ‘नजराणा’ एका घरचे वाटतात. राजाच्या नजरेस आणायचा तो नजराणा, अशी गोष्टही लगेच सुचते. पण नजरेतला ज आणि नजराण्यातला ज अरबीत दोन वेगळी अक्षरं आहेत. पहिल्या मुळाचा अर्थ पाहणे, दुसऱ्याचा नवस बोलणे, वाहणे.